सरळ तलवारीला मखमली म्यान: लाकूड, अस्तर आणि शिवण

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

नमस्कार मंडळी. शिवजयंतीच्या देखाव्यासाठी धोपेच्या धाटणीची सरळ, बोथट तलवार घडवून घेतली आहे. म्यान घरीच करायचं आहे, वरून लाल मखमल.

पात्याची मापं: लांबी ३३ इंच, रुंदी मुठीपाशी ३८ मिमी आणि टोकाकडे २५ मिमी, जाडी मुठीपाशी ५ मिमी आणि टोकाकडे ३ मिमी. मुठीच्या खाली पात्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी जीभ आहे, साधारण ३५ मिमी लांब आणि १५ मिमी रुंद.

डोक्यात बेत असा आहे: ६ मिमी कमर्शियल प्लायच्या दोन पट्ट्या, कडेने ५ मिमीच्या पट्ट्या, सगळं फेविकॉलने जोडायचं आणि वर मखमल चिकटवायची. प्रश्न असे:

प्लाय चालेल की लाकूडच हवं? आत अस्तर लावायचं का, आणि कशाचं? मखमलीतून फेविकॉल वर फुटू नये म्हणून काय करतात? शिवण कुठल्या बाजूला घ्यायची? त्या जिभांचं काय करायचं? आणि पितळी मुहनाळ-तहनाळ (म्यानाच्या तोंडावरचं आणि टोकावरचं पत्र्याचं टोपण) कापडाच्या वर बसवतात की खाली?

रंधा_पटाशी (मिरज)

प्लाय सोडा. दोन कारणं. एक, कडा गोल मारताना थर उघडे पडतात, मधल्या पोकळ्या दिसतात आणि मखमल पातळ असली की त्या वरून हाताला लागतात. दुसरं जास्त महत्त्वाचं: कमर्शियल प्लायच्या डिंकातून आणि एमडीएफमधूनही बराच काळ वाफा सुटत राहतात. बंद म्यानात त्या कोंडतात आणि पातं गंजतं. ओक आणि बाभूळही नको, दोन्हींत टॅनिन भरपूर, लोखंडाशी त्याचं जमत नाही.

शिवण (शिलाई नव्हे, त्या नावाच्या झाडाचं लाकूड) मिळाली तर उत्तम. हलकी, आकसत-फुगत कमी, रंध्याला गोड. नाहीतर तून नावाचं लाकूड. मिरजेत सतारी-तंबोऱ्यांसाठी तून वापरतात, त्यामुळे इथल्या वखारीत सरळ रेषेची पट्टी मागितली की काय हवं ते त्यांना कळतं. काटेसावर आणि पांगारा पूर्वी म्यानांसाठी वापरत, कारण वजन नगण्य. पण दोन्ही मऊ, बोटाने दाबलं तर खड्डा पडतो. वरून मांजरपाट चढवणार असाल तरच घ्या. साग चालतो, फक्त तेलकट असल्यामुळे जोडायच्या आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने ताजा घासून थिनरने पुसा, नाहीतर फेविकॉल नीट धरत नाही.

आता मापं. दोन फळ्या ३६ इंच लांब, ६० मिमी रुंद, ४ मिमी जाड. कडेच्या पट्ट्या ७ मिमी रुंद. तुमच्या बेतात त्या सगळीकडे ५ मिमी जाड आहेत, आणि गोची तिथेच आहे. पातं टोकाकडे ३ मिमीवर येतं, म्हणजे तिथे २ मिमी पोकळी उरणार आणि चालताना म्यान खडखडणार. वर मुठीपाशी मात्र जागाच नाही, तिथे पातं रुतणार. पट्टी पात्यासारखीच उतरती करा: मुठीपाशी ६ मिमी, टोकाला ४ मिमी. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिमी मोकळीक मिळते. रुंदीत दोन्ही धारांना एक-एक मिमी.

पातं म्यानाच्या तळाला टेकू देऊ नका. टोकापुढे १० मिमी मोकळी जागा, त्यापुढे १५ मिमी भरीव लाकडी ठोकळा. तलवार थांबली पाहिजे ती मूठ तोंडावर टेकून. टोकावर थांबली तर प्रत्येक वेळी आत सारताना ठोकळ्याला घण बसतो आणि शेवटी जोड उकलतो. ठोकळ्यात आरपार ४ मिमीचं भोक ठेवा, आत गेलेलं पाणी निघून जायला.

जोडताना खरी तलवार आत ठेवू नका, फेविकॉलमधल्या पाण्याने रात्रीत गंज धरतो. पात्याच्या मापाची लाकडी पट्टी करा, तिला चिकटपट्टी गुंडाळा, वर मेण फासा. फेविकॉल कडेच्या पट्टीच्या बाहेरच्या अर्ध्या भागालाच लावा. आतल्या कडेपर्यंत लावला तर दाबल्यावर पोकळीत फुटतो, आणि वाळलेला थेंब आत पटाशी पोचत नाही अशा ठिकाणी बसतो. क्लॅम्प कमी असतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून टोकापासून तोंडापर्यंत ताणून गुंडाळा. दाब सगळीकडे सारखा येतो. पंधरा-वीस मिनिटांनी आतली लाकडी पट्टी एकदा थोडी मागेपुढे हलवा आणि तासाभराने पूर्ण काढून घ्या.

गोलाई करताना हात आवरा. पूर्ण लंबगोल करायचा मोह होतो, पण तुमच्या मापात (बाहेरून ५४ मिमी रुंद, १२ मिमी जाड) पूर्ण लंबगोल केलात तर पोकळीच्या कोपऱ्यावर जेमतेम १ मिमी लाकूड उरतं. तिथेच फुटतं. मधला भाग सपाट ठेवा, फळी ३ मिमीपर्यंत उतरवा, आणि फक्त कडा मारा. रेती कानस, मग ८०, १२०, १८० नंबर. यापुढे घासू नका, डिंकाला धरायला खरखर हवी.

टाचणदोरा (सांगली)

लाकडाचं वर आलं आहेच, मी अस्तर आणि कापडावर लिहिते.

अस्तर पूर्ण लांबीत लावू नका. लोकरी सुटाचं जुनं, धुतलेलं कापड घ्या, ०.८ ते १ मिमी जाडीचं, आणि म्यानाच्या तोंडाशी अडीच इंच पट्टा दोन्ही अंगांना चिकटवा. पातं टोकाला पातळ आहे, त्यामुळे आत जाताना ते मोकळं जातं आणि शेवटच्या दोन-अडीच इंचातच कापडावर दाबून बसतं. पकड तेवढीच हवी. म्यान उलटं धरल्यावर तलवार घसरू नये, आणि अंगठ्याने मूठ ढकलली की सुटावी. घट्ट झालं तर कापड बदला, लाकूड कोरू नका.

माण-खटावच्या घोंगडीचा तुकडा वापरावा असं बऱ्याच जणांना सुचतं. लोकर चांगली, पण घोंगडी फार जाड. तिच्यासाठी तोंडाशी लाकूड खोल कोरावं लागेल आणि तोंडच कमकुवत होईल. फोम, रेक्झिन, सिंथेटिक मखमल आत अजिबात नको, ओल धरून बसतात.

आता मखमल. शक्यतो सुती घ्या. पॉलिस्टरची लवचिक मखमल ताणायला सोपी, पण उन्हात तिची चकाकी प्लॅस्टिकसारखी दिसते आणि दुमड नीट बसत नाही. १ मीटर लागेल. लव कापडाच्या लांबीच्या दिशेने असते, म्हणून पट्टी लांबीतच कापायची, आडवी नाही. हात तोंडाकडून टोकाकडे फिरवला की लव गुळगुळीत बसली पाहिजे. उलटी लावली तर म्यान कमरेला घासत राहून दोन दिवसांत विस्कटलेलं दिसतं. म्यानाच्या दोन तुकड्यांवर लव वेगवेगळ्या दिशेला गेली तर एकाच ताग्याचे दोन रंग वाटतात.

मखमलीच्या आधी एक थर मांजरपाट. फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून लाकडाला लावायचा आणि धुऊन इस्त्री केलेला मांजरपाट गुंडाळायचा, कडा एकमेकींवर न चढवता नुसत्या भिडवायच्या. यामुळे लाकडाचा जोड बांधला जातो आणि बारीक खड्डे झाकतात. म्यान उकललं तरी फाकत नाही. हा थर पूर्ण वाळू द्या.

कापायचं माप: मांजरपाटासकट घेर दर चार इंचांवर कागदी पट्टीने मोजा. समजा तोंडाशी १२२ मिमी आणि टोकाशी ९५ मिमी आला. दुमडीसाठी प्रत्येकी ८ मिमी, म्हणजे १६ मिमी अधिक, आणि ताणासाठी ३ मिमी वजा. तोंडाशी १३५, टोकाशी १०८. मधल्या खुणा जोडून कापा. कापायच्या रेषेवर उलट बाजूने ३ मिमी रुंद फेविकॉलची बारीक रेघ ओढून वाळवा आणि मग कात्री लावा, सूत निसटत नाही. दुमडी आधीच इस्त्रीशिवाय, नखाने दाबून टाचून ठेवा. मखमलीला सरळ इस्त्री लावली की लव कायमची बसते.

फेविकॉल वर फुटण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: तो कापडाला लावतात, आणि भरपूर लावतात. फक्त म्यानाला लावा. दर्शनी बाजूच्या मधोमध एक इंच रुंद पट्टा, पातळ, ब्रशने. तीन-चार मिनिटं थांबा, बोटाला चिकटेल पण लागणार नाही असा झाला की कापडाची मधली रेघ त्यावर ठेवा आणि तळव्याने सरळ दाबा. घासू नका, घासल्याने डिंक लवेत येतो. बाकी सगळं कापड शिवणीच्या ताणावर बसतं.

शिवण अंगाकडच्या बाजूला, मधोमध. धारेवर कधीच नाही, तिथे घासून तुटते. सोफावाल्यांकडे वाकडी सुई मिळते. मेण लावलेला दोरा, ४ मिमीचा टाका, एकदा या दुमडीतून एकदा त्या दुमडीतून, दोरा बाहेर दिसत नाही. तोंडाकडून सुरू करून टोकाकडे या. म्यान टोकाकडे निमुळतं, उलट सुरू केलंत तर कापड खाली सरकत जाऊन मध्ये सुरकुत्या जमतात. दर पाच टाक्यांनी दोरा ओढून घट्ट करा. शिवणीवर नंतर पाव इंची जरीचा गोटा टाचला की ती बाजूही झाकते.

रंधा_पटाशी (मिरज)

ताई, बाकी पटलं, पण डिंक फक्त मधोमध लावणं देखाव्यापुरतं ठीक. पावसाळ्यात सुती मखमल सैल पडते आणि कोरड्या हवेत परत आवळते, दोन वर्षांत बाजू झोळतात. माझ्या मते पूर्ण अंगाला पातळ डिंक हवा.

टाचणदोरा (सांगली)

पूर्ण अंगाला लावायचा असेल तर फेविकॉल नको, खळ करा. ५० ग्रॅम मैदा, ३०० मिली पाणी, गुठळी न होऊ देता मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत. गार करून कापडातून गाळा. खळ हळू वाळते, त्यामुळे कापड सरकवून नीट बसवायला वेळ मिळतो, आणि जास्त झाली तरी मखमलीवर फेविकॉलसारखा कडक डाग पडत नाही. ओल्या फडक्याने टिपता येते. पुढे कधी मखमल बदलायची झाली तर पाण्याने सुटतेही.

एक सावधगिरी. बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. म्यानासाठी घालू नका. मोरचुदातलं तांबं लोखंडावर चढतं आणि त्या जागी गंज वेगाने पसरतो. तुरटीही नको, ती आम्लधर्मी आहे. लवंग तेलाचे पाच-सहा थेंब पुरे. आणि झोळ पडण्याबद्दल बोलायचं तर, ३ मिमीचा ताण खरोखर दिला असेल तर सुती मखमल मला नाही वाटत इतकी सैल पडेल. ताण न देता मापात कापलेली असते, ती झोळते.

पत्रा_आणि_डाग (कराड)

मुहनाळ-तहनाळीचं: कापडाच्या वर नाही आणि खालीही नाही. कापड जिथे संपतं तिथे पितळ सुरू होतं, फक्त ५ मिमी कापड पितळेखाली जातं. मखमलीवर संपूर्ण पितळ चढवलं तर खाली लव दबते, पितळ डुगडुगतं आणि पाणी शोषून खालचं कापड कुजतं. पितळ जिथे बसणार तिथे लाकूड पत्र्याच्या जाडीइतकं आधीच उतरवून घ्या. मग पितळ आणि मखमल एका पातळीत दिसतात. जे ५ मिमी कापड आत जाणार त्याची लव ब्लेडने खरवडून काढा.

पत्रा ०.६ मिमी पुरतो. मुहनाळ अडीच इंच, तहनाळ चार इंच. आधी जाड कागदाचा साचा म्यानावर गुंडाळून कापा, मग पत्र्यावर उतरवा. पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवून गार केला की मऊ पडतो, लाकडी हातोडीने वळवता येतो. वळवताना कडक झाला तर पुन्हा तापवा, ओढून बसवू नका, कडेला चीर जाते. जोड अंगाकडच्या बाजूला, कथलाने डाग द्यायचा, म्हणजे सांधायचा. डाग म्यानापासून दूर, मोकळ्या साच्यावर द्या. मखमल आल्यानंतर तिथे ज्योत नेणं म्हणजे सगळं काम वाया.

बसवायला अराल्डाइट आणि प्रत्येकी दोन पितळी चुका (बारीक खिळे), फळीत ३ मिमीच लाकूड आहे म्हणून चुका कडेच्या पट्टीत ठोका, आधी बारीक भोक पाडून. मुहनाळीची कड आत वळवताना ती पात्याला लागू देऊ नका. ओल्या हवेत पितळ आणि पोलाद भिडलं की गंजतं ते पोलाद.

म्यान कमरेला अडकवायच्या कड्या: त्यांच्या दोन पट्ट्या. पहिली मुहनाळीच्या खाली दोन इंचांवर, दुसरी तिच्याखाली आठ-नऊ इंचांवर. दोन्ही पट्ट्या कापड झाल्यावर बसवायच्या आणि गोट्याने झाकायच्या. दोन कड्यांतलं अंतर कमी ठेवलं तर तलवार सरळ खाली लोंबते आणि जिन्यात पायात येते.

जिभांबद्दल. आधी जीभ आणि पातं यांच्यात फट आहे का बघा, जाड पोस्टकार्ड सरकवून. जीभ पात्याला चिकटून असेल तर म्यानाच्या तोंडाशी दोन्ही फळ्यांना १७ मिमी रुंद आणि तोंडापासून ३७ मिमी लांब खाच काढा आणि मुहनाळीलाही तशीच खाच ठेवा. अशा वेळी लोकरी पट्टा खाचेच्या खालून सुरू करायचा, म्हणजे मुहनाळ अडीच इंचाऐवजी साडेतीन-चार इंच करावी लागेल, नाहीतर पकडीचा भाग पितळेच्या आधाराबाहेर जातो. फट २ मिमीहून जास्त असेल तर जीभ मुहनाळीच्या बाहेरून बसेल असं करता येतं. ते दिसायला छान आणि जास्त घट्ट, पण तिथे फळी १ मिमीवर उतरवावी लागते, म्हणजे पितळच भार घेणार. सरावाशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

नमुने डोळ्यांनी बघायचे असतील तर साताऱ्यातलं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय तुमच्या दारातच आहे. म्यानांच्या कडा, गोट्याची रुंदी, कड्यांची जागा असं बघत फिरा. फोटोत हे कळत नाही.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

फारच सविस्तर, आभार. पोस्टकार्ड जात नाही, म्हणजे खाचच. शिवणीची फळी मिळते आहे. दोन शंका: सगळं वाळायला किती दिवस धरू? आणि मिरवणुकीत गुलाल उधळतात, मखमलीचं काय करायचं?

रंधा_पटाशी (मिरज)

लाकडाचा जोड एक दिवस. पण सगळं पूर्ण झाल्यावर म्यान तोंड उघडं ठेवून, पात्याशिवाय, कमीत कमी पंधरा दिवस हवेशीर ठेवा. फेविकॉल हाताला कोरडा लागला तरी त्यातून आंबट वाफ येत राहते. तोंडाशी नाक लावून वास येईनासा झाला की तलवार घाला. १९ फेब्रुवारीपासून मागे मोजून कामाला लागा.

दुसरं, थंडीत लाकूड कोरडं असतं. त्या मापावर घट्ट बसवलेली तलवार आषाढात अडकते. वर सांगितलेली अर्धा मिमी मोकळीक त्यासाठीच आहे, ती भरून काढू नका. कास-महाबळेश्वरकडे ठेवायची असेल तर आणखी थोडी जास्त.

टाचणदोरा (सांगली)

गुलाल ओल्या फडक्याने पुसलात तर रंग लवेच्या मुळाशी जातो आणि मग निघत नाही. कोरडाच ठेवा, म्यान उलटं धरून झटका, मऊ ब्रशने लवेच्या दिशेने झाडा. मिरवणुकीच्या दिवशी पातळ प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. त्यापेक्षा मांजरपाटाची साधी खोळ शिवा आणि देखाव्यापुरती काढा.

लाल मखमलीचा रंग आधी तपासा. पांढरं ओलं फडकं मिनिटभर दाबून धरा. रंग उतरला तर तो ताग्याचा तुकडा नको, पांढऱ्या अंगरख्यावर घामाने डाग पडतील. लव कुठे दबली असेल तर किटलीच्या वाफेवर जरा धरून ब्रश फिरवा, उठते. खळ लावली असेल तर वाफ अगदी थोडी.

मेणवली_घाट (वाई)

धाग्यात घुसतोय, पण हेच वाकड्या तलवारीला चालेल का? पातं टोकाकडे रुंद आहे, पिपळा (टोकाकडचा रुंद भाग) मोठा.

रंधा_पटाशी (मिरज)

पातं सगळीकडे सारख्याच वळणाचं आणि सारख्या रुंदीचं असेल तर चालेल, फळ्या त्या वळणात कापायच्या, वाकवायच्या नाहीत. पिपळा रुंद असेल तर मात्र अडचण आहे. तोंडातून पिपळा जाईल एवढी पोकळी केली तर वरचा अरुंद भाग आत हेलकावे खातो. त्यावर उपाय म्हणजे पाठीच्या बाजूला तोंडापासून सहा-आठ इंच फट ठेवणं. तलवार पाठीकडून त्या फटीतून आत जाते आणि मग खाली सरकते. फट झाकायला पितळी स्प्रिंगची पट्टी लागते. तिथे कापडाची शिवण पाठीला घेता येत नाही, आणि मखमलीच्या कडा फटीत आत वळवून चिकटवाव्या लागतात. वेगळा धागा काढा, माप आणि कागदावर पात्याचा ठसा टाका. ठशाशिवाय सांगता येणार नाही.

पत्रा_आणि_डाग (कराड)

सातारकर, एक राहिलं. तलवार कायम म्यानात ठेवू नका. देखावा संपला की पातं कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या, जास्तीचं तेल पुसून काढा आणि म्यान वेगळं ठेवा. गोडेतेल लावलंत तर ते काही महिन्यांत चिकट होऊन अस्तरालाच धरतं.

आणि मिरवणुकीत नेणार असाल तर आधी पोलीस ठाण्यात लेखी विचारा. सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, त्यात तलवारी असतात. बोथट आहे हे तिथे रस्त्यावर पटवत बसण्यापेक्षा तलवार देखाव्याच्या ट्रॉलीवर पक्की बांधून ठेवायची परवानगी मागितलेली बरी. बांधताना दोरी मुहनाळीवर आणि तहनाळीवर घ्या, मधल्या मखमलीवर नाही, वळ उठतो.